खोक्यावरचं नाव दुकानापर्यंत जाऊ द्या

अपेडाचे, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, अध्यक्ष आणि इजिप्तला म्हशीचं मांस पाठवणारे सर्व निर्यातदार यांस,

सप्रेम नमस्कार.

वीस किलोचं खोकं बंद झालं, त्यावर माहितीची पट्टी बसली, की माझं काम संपायचं. मराठवाड्यातल्या एका निर्यात प्रकल्पात मी नऊ वर्षं पशुवैद्यक म्हणून गुणवत्ता तपासली. माझ्या नजरेखालून गेलेलं खोकं पुढे रीफर, म्हणजे शीत कंटेनरमध्ये, कंटेनर न्हावा-शेव्याला, तिथून जहाजावर. कागदावर शेवटी बंदराचं नाव असायचं, अलेक्झांड्रिया किंवा सोखना. ही नावं मी हजारदा वाचली असतील. त्यांच्यापलीकडे कोण राहतं, ते खोकं कोण उघडतं, हे बघावं असं कधी मनात आलं नाही. मग २०२१ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कैरोला गेलो आणि तीन वर्षं मी त्या नावांच्या पलीकडे राहिले. तिथे जे पाहिलं त्यावरून तुमच्याकडे एक मागणं आहे.

कैरोत आमच्या घरामागे एक 'गमइया' होती. म्हणजे सरकारी ग्राहक भांडार, आपल्याकडच्या जुन्या अपना बाजारची आठवण व्हावी असं. कोपऱ्यात आडवा फ्रीजर, त्यात पांढऱ्या बर्फाखाली लालसर तुकडे. विचारलं तर उत्तर आलं, "लहमा हिंदी." भारतीय मांस. त्या एका शब्दात गिऱ्हाईक काय ते समजून घेतं: स्वस्त, गोठवलेलं, परदेशी. शेजारच्या खाटकाकडे आकड्याला टांगलेलं असतं ते 'बलदी', म्हणजे गावचं, ताजं. दोघांच्या भावात निम्म्याचा फरक. २०२४ च्या वसंतात बलदी मांस किलोला चारशे इजिप्शियन पौंडांच्या आसपास होतं आणि हिंदी त्याच्या निम्म्याच्या थोडं वर.

आमच्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे रखवालदार, वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधला होता. तो, त्याची बायको आणि चार मुलं जिन्याखालच्या दीड खोलीत राहायची. आम्ही गेलो तेव्हा ती बाई दर गुरुवारी एक किलो हिंदी मांस आणायची. शुक्रवारी मुलुखिया, म्हणजे तिथली पालेभाजी, व्हायची, भात व्हायचा. वर्षभरात किलोचं अर्धा किलो झालं. पुढे पाव किलो, तेही खिमा, म्हणजे कांदा-पावात मिसळून वाढवता येतो. शेवटी शेवटी मॅगीची मांसाच्या स्वादाची वडी. रश्श्याला वास तरी मांसाचा यावा म्हणून. मी पशुवैद्यक आहे हे तिला कळल्यावर ती मला "या दोक्तोरा" म्हणून हाक मारायची. एकदा तिने सरळ विचारलं, "तुमच्या देशात जनावरं कमी झाली का? मग महाग का झालं?"

जनावरं कमी झाली नव्हती, आणि तुमचा भावही फारसा वाढलेला नव्हता. अपेडाचेच आकडे आहेत: २०२३-२४ मध्ये आपण जवळजवळ १३ लाख टन म्हशीचं मांस निर्यात केलं, किंमत ३७४ कोटी डॉलर. म्हणजे किलोला सरासरी तीन डॉलरहून थोडं कमी. आता हेच तीन डॉलर धरून चला. मार्च २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १५.७ पौंड पडत, म्हणून ते ४७ पौंड झाले. २०२३ च्या सुरुवातीला डॉलर ३० च्या घरात गेला, ते ९० झाले. ६ मार्च २०२४ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने पौंडाचा दर बाजारावर मोकळा सोडला, डॉलर एका दिवसात ३१ वरून ५० च्या जवळ गेला, ते दीडशे झाले. त्याआधी जानेवारीत काळ्या बाजारात डॉलर सत्तरच्या आसपास होता. बँकेत डॉलर मिळत नव्हता म्हणून आयातदार त्या सत्तरनेच हिशेब करत होते. औरंगाबादेत निघालेल्या मांसाचा भाव इथे हललाही नाही आणि तिथे दोन वर्षांत तिप्पट झाला. २०२३ च्या सप्टेंबरात इजिप्तची महागाई ३८ टक्क्यांवर गेली, खाण्याच्या वस्तूंची तर जवळपास त्याच्या दुप्पट. बव्वाबाचा पगार होता तिथेच होता.

त्यात फेब्रुवारी २०२२ पासून आयातीला बँकेचं पतपत्र, म्हणजे पैसे चुकते करण्याची लेखी हमी, सक्तीचं केलं होतं. बँकांकडे डॉलर नाहीत, म्हणून पतपत्र नाही, म्हणून माल बंदरात पडून. सुका माल पडून राहिला तर भाडं चढतं. रीफरचं तसं नसतं. त्याला दिवसरात्र वीज लागते, उणे १८ अंश राखावं लागतं, आणि त्या विजेचा, त्या जागेचा पैसा शेवटी किलोमागे येऊन बसतो. ती सक्ती वर्षाअखेरीस उठली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले. सोखना बंदर सुएझच्या कालव्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला आहे. मुंबईहून सरळ तांबड्या समुद्रातून जायची वाट. तीच वाट धोक्याची झाल्यावर मोठ्या जहाज कंपन्या अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. कालव्याचं उत्पन्न २०२३ साली हजार कोटी डॉलरच्या वर होतं, ते २०२४ साली चारशे कोटींवर आलं. मांस महाग आणि ते विकत घ्यायला लागणारा डॉलर आणणारा कालवाही रिकामा, अशी दुहेरी कोंडी.

हे सगळं तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. पौंड काय, हुथी काय, तुमच्या हातात नाही, हेही मला कळतं. मी ज्यासाठी लिहिते आहे ते मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

एका गुरुवारी ती बाई पाव किलोची पुडी घेऊन माझ्याकडे आली. खूश होती. गल्लीतल्या एका खाटकाकडे बलदी थोडं स्वस्त मिळालं म्हणाली. मी पुडी उघडली. मांस गडद, कडेला ओलसर, खाली रक्ताळलेलं पाणी, चरबी पांढरीशुभ्र आणि अगदी कमी, तंतू जाड. नऊ वर्षं मी हेच मांस रोज हाताळलं होतं. ते वितळवलेलं गोठीव मांस होतं, म्हशीचं होतं, आणि माझी खात्री आहे की ते आपल्याकडचं होतं. गमइयात जे दोनशेच्या वर मिळतं ते तिने साडेतीनशेच्या दराने आणलं होतं. मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, कारण तिने पुडी पुन्हा बांधली आणि काही न बोलता निघून गेली.

हा प्रकार तिथे सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्रांत दर सणाला छाप्यांच्या बातम्या येतात: गोठवलेलं मांस वितळवून बलदी म्हणून विकताना पकडलं. सण आला की वाढतं, कारण बकरी ईदला घरात मांस हवंच. बव्वाबाच्या बायकोला जो भाव द्यावा लागला त्यातला शे-सव्वाशे पौंडांचा भाग ना तुमचा होता, ना डॉलरचा, ना हुथींचा. तो फक्त एक नाव पुसल्याचा होता.

आणि नाव पुसणं सोपं का आहे? तुमच्या खोक्यावर सगळं असतं. अरबी पट्टी, प्रकल्पाचा क्रमांक, कत्तलीची तारीख, कोणता भाग, किती दिवस टिकेल. पण खोकं वीस किलोचं. आत दोन-दोन, तीन-तीन किलोचे तुकडे किंवा बारीक मांसाची सलग लादी. इजिप्तमध्ये वीस किलो कुणीही घरी नेत नाही. खोकं फुटलं की पट्टी कचऱ्यात जाते आणि तुकडा अनाथ होतो. पाव किलो द्यायचं तर खाटकाला लादी करवतावी लागते नाहीतर वितळवावी लागते. वितळलेलं विकलं गेलं नाही तर रात्री पुन्हा फ्रीजरमध्ये. मला विचाराल तर भावाइतकीच ही गोष्ट मला डाचते. आम्ही प्रकल्पात काय काय करायचो! धड चोवीस तास दोन ते चार अंशांवर टांगून ठेवायचं, मग पाठीच्या लांब स्नायूत सुई खुपसून आम्लता मोजायची. सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा (pH), सहाच्या खाली उतरला तरच पुढे, कारण तेवढ्या आम्लतेत लाळ्या-खुरकुताचा विषाणू तग धरत नाही. हाडात आणि गाठींत तो टिकतो, म्हणून हाड काढायचं, लसिकाग्रंथी एकेक सोलून काढायच्या. मग उणे चाळीसच्या झोतात गोठवायचं. माझ्यापुढे सामू ६.१ आला म्हणून मी धडं बाजूला काढली आहेत आणि उत्पादन विभागाची बोलणी खाल्ली आहेत. एवढी शिस्त आणि शेवटच्या शंभर पावलांवर एक करवत, एक ओला फडका आणि खोटं नाव.

खोट्या नावाचा आणखी एक तोटा होतो, तो तुमचा. हिंदी मांसाविषयी इजिप्तमध्ये दर दोन-चार वर्षांनी भीती उठते. मध्यंतरी सार्कोसिस्टिसचा गाजावाजा झाला. म्हशीच्या अन्ननलिकेवर, मांसात तांदळाच्या दाण्यासारख्या गाठी दिसतात त्या या परजीवीच्या. तपासणीत त्या दिसतात, काढल्या जातात, आणि खोल गोठवणीत परजीवी मरतो. पण टीव्हीवर एकदा दाखवलं की गिऱ्हाईक बिथरतं. विश्वास बसावा असं मांस जर रोज दुसऱ्याच नावाने खाल्लं जात असेल, तर 'मी दहा वर्षं हेच खाते आहे, मला काही झालं नाही' असं म्हणणारी एकही बाई तुमच्या बाजूने उभी राहणार नाही. चांगलं लागलं ते बलदी म्हणून लागलं. बिघडलं ते हिंदी म्हणून बिघडलं.

खरं तर म्हैस त्यांना परकी नाही. नाईलच्या खोऱ्यात घरोघर म्हैस आहे, तिला ते 'गामूसा' म्हणतात. मूळ शब्द फारसी, गावमेश. आपल्याकडून निघालेलं जनावर इराकमार्गे तिथे पोचलं आणि शेणा-चिखलासकट तिथलंच झालं. शेतकरी गाईपेक्षा तिचं दूध पसंत करतो, कोवळ्या पारड्याच्या मांसाला तर 'बतिल्लू' म्हणून मानाचं स्थान आहे. तेव्हा 'गामूसी', म्हणजे म्हशीचं, म्हटल्याने कुणी नाक मुरडणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

इजिप्तमध्ये मांसाचा भाव हा किती नाजूक विषय आहे, हे इथे बसून कळत नाही. १९८० च्या सप्टेंबरात तिथले राष्ट्राध्यक्ष सादात यांनी भाव उतरवण्यासाठी देशभर महिनाभर मांसविक्रीच बंद केली होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी 'बलाहा लहमा', म्हणजे 'राहू दे ते मांस', म्हणत स्वतःहून खरेदी थांबवली. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने स्वस्त प्रथिनांच्या यादीत कोंबडीचे पाय सुचवले आणि देशभर संताप उसळला. मी तेव्हा तिथे होते. आमच्या बव्वाबाने ती बातमी मला मोबाइलवर दाखवली. तो हसत नव्हता. अशा देशात आपलं मांस गरिबाचा शेवटचा आधार आहे. त्याहून स्वस्त लाल मांस त्याला मिळत नाही. ब्राझीलचं येतं, सुदानची जनावरं यायची, पण २०२३ च्या एप्रिलपासून सुदान स्वतःच जळतो आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली, तेव्हा कांडल्याला इजिप्तसाठी भरत असलेला साडेएकसष्ट हजार टन गहू आवर्जून जाऊ दिला. गव्हाची बातमी झाली, अभिमानाने झाली. मांस मात्र वर्षानुवर्षं जातं, इजिप्त आपल्या पहिल्या पाच गिऱ्हाइकांत आहे, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. का, ते आपण सगळे जाणतो. जगाच्या आकडेवारीत म्हैस 'बीफ' या रकान्यात मोडते. मग 'भारत बीफ निर्यातीत पहिला' असा मथळा येतो, इथे गदारोळ होतो. गाय, बैल, वासरू यांच्या मांसाची निर्यात या देशातून होत नाही, कायद्यानेच बंद आहे, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाची कत्तलही बंद आहे. जे जातं ते म्हशीचं, हाडाविना. हे ठणकावून सांगायच्या ऐवजी आपण गप्प राहायला शिकलो. प्रकल्पात असताना मीही शिकले. नातेवाइकांनी विचारलं तर 'फूड कंपनीत आहे' सांगायचे. त्याची मला आज लाज वाटते. काम स्वच्छ होतं, हिशेबी होतं, आणि त्यावर बीड-जालन्याच्या शेतकऱ्याची दावण उभी होती.

कारण भाकड म्हशीला या बाजाराखेरीज किंमत नाही. चार-पाच वेतं झाली, दूध आटलं, की शेतकरी तिला बाजारात उभी करतो आणि आलेल्या पैशात भर घालून दुसरी आणतो. २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यावर गाड्या अडवून होणाऱ्या मारहाणीला कंटाळून जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले. कायद्याने परवानगी असलेली म्हैस घेऊन जाणारा माणूससुद्धा गाडी चालवायला घाबरत होता. माझ्या माहेरी भावाच्या गोठ्यात दोन भाकड म्हशी दोन महिने नुसत्या चारा खात होत्या. तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "तिकडं तुझ्या इजिप्तला महाग आणि इकडं फुकट कुणी नेईना. मधलं कोण खातंय?"

त्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. थोडं होतं, आणि तेच तुमच्यापुढे ठेवते आहे. दोन्ही टोकांना एकच गोष्ट घडते आहे. इथे आपण नाव घेत नाही म्हणून म्हैस नेणारा मार खातो. तिथे नाव पुसलं जातं म्हणून मांस घेणारी लुबाडली जाते.

मागणं असं: इजिप्तला जो माल थेट किरकोळ विक्रीला जातो, त्यातला काही भाग तरी अर्ध्या आणि एक किलोच्या बंद पाकिटांत भरा. सगळा नको. तिथल्या लंचन-सॉसेज-बर्गरच्या कारखान्यांना आपलं मांस चरबी कमी म्हणून आवडतं, त्यांना वीस किलोची लादीच सोयीची आहे, ती तशीच जाऊ दे. पण गमइयाच्या फ्रीजरमध्ये पडणारं मांस पाकिटात असलं, तर ते खाटकाच्या आकड्याला टांगता येणार नाही. पाकीट न फोडता ते बलदी होऊ शकत नाही, आणि फोडलं तर फोडलेलं दिसतं.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, मी तुमच्या बैठकांत बसले आहे. आयातदार खोकीच मागतो. पाकिटाला प्लास्टिक, माणसं, वेळ लागतो, गोठवायच्या रांगेचा वेग पडतो, किलोमागे खर्च वाढतो. वाढतो, हे खरं. पण आखाती देशांतल्या सुपरमार्केटांसाठी हीच छोटी पाकिटं तुम्ही आजही भरता. यंत्रं आहेत, साचे आहेत, शिकलेल्या बायका आहेत. दुबईतल्या गिऱ्हाइकासाठी जे परवडतं ते कैरोच्या गिऱ्हाइकासाठी का परवडू नये? खर्च किलोमागे काही पौंडांचा असेल. त्या बाईने किलोमागे शे-सव्वाशेच्या दराने जास्त मोजले होते.

अपेडाला वेगळं सांगायचं आहे. प्रत्येक प्रकल्पाची नोंद तुमच्याकडे, निर्यातीचा प्रत्येक टन तुमच्या आकड्यांत. इजिप्तचे पशुवैद्य प्रकल्प तपासायला येतात तेव्हा तुमची माणसं सोबत असतात. त्या बोलण्यांत एकदा हा विषय काढा. त्यांच्या पुरवठा मंत्रालयालाही भाव आटोक्यात हवाच आहे. पाकिटाला त्यांच्या भांडारांत पहिली जागा मिळाली तर निर्यातदाराचं अर्धं भय जाईल. आणि इथल्या लोकांसाठी, आपल्याच भाषांत, वर्षातून एकदा तरी स्पष्ट लिहा की हे मांस म्हशीचं आहे, कुठून येतं, कुणाच्या दारातून येतं, कुठे जातं.

पाकिटावर काय लिहायचं तेही मी विचार करून ठेवलं आहे. ती बाई फार शिकलेली नव्हती, पण मोठी अक्षरं सावकाश वाचायची. तेव्हा बारीक अक्षरांची गर्दी मागे टाका. पुढे फक्त मोठ्या अरबी अक्षरांत चार गोष्टी: म्हशीचं. भारतातलं. गोठवलेलं. आणि कत्तलीची तारीख.

आपली,
एक पशुवैद्यक
छत्रपती संभाजीनगर